'दुर्लक्ष कर' म्हणणाऱ्यांना एकदा सीमारेषेवर उभं करा

एकोणीस वर्षांच्या एका वेगवान गोलंदाजाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, षटक टाकून मी फाइन लेगला जातो. बाहेरच्या सामन्यांत तिथे मागे बसलेली पोरं नाव घेऊन घेऊन शिव्या घालतात. रंगावरून बोलतात, आईवरून बोलतात. गेल्या सामन्यात हातातला झेल सुटला आणि पुढच्या स्पेलमध्ये मला माझा रन-अपच सापडेना. रात्री मोबाइल उघडला तर तिथेही तेच. सगळे सांगतात, दुर्लक्ष कर. मला ते जमत नाही. म्हणजे मी मनाने कच्चा आहे का? आई आधी प्रत्येक सामन्याला यायची, आता मीच तिला येऊ नको म्हणतो."

कच्चा नाहीस. तुला दिलेला सल्ला कच्चा आहे.

मी बारा वर्षं गोलरक्षक म्हणून खेळलो आणि गेली बावीस वर्षं खेळाडूंच्या मानसिक तयारीचं काम करतो आहे. गोलरक्षकाच्या पाठीशी जाळी असते आणि जाळीमागे लोक. इतके जवळ, की त्यांच्यातला कोण खोकतोय तेही कळतं. त्यामुळे फाइन लेगचं दुखणं मला नवं नाही. आणि इतक्या वर्षांत 'दुर्लक्ष कर' हे ऐकून खरोखर दुर्लक्ष करता आलेला एकही खेळाडू मी पाहिलेला नाही. ज्यांना जमतंय असं वाटतं, ते दुसरंच काहीतरी करत असतात. ते काय, हेच तुला सांगायचं आहे.

१९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पुढची काही मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. कारण उघड आहे: अस्वल मनात आलं का, हे तपासायचं तरी आधी अस्वल आठवावं लागतं. तुझं तेच होतं. 'ऐकायचं नाही' असं ठरवलंस की मनाचा एक कोपरा 'आता काय म्हणाले?' हे तपासत बसतो. त्यात ते नाव घेतात. भर गोंगाटात कुणी आपलं नाव उच्चारलं तर मान वळतेच. तो मेंदूचा स्वभाव आहे, त्याचा धीटपणाशी काही संबंध नाही. अनुभवी टवाळखोरांना हे बरोबर कळलेलं असतं. पाठीवरचं नाव वाचूनच ते सुरुवात करतात.

झेल का सुटला, तेही बघू. तुझ्या हातांना काही झालेलं नव्हतं. एरवी झेल घेताना तू 'आता तळवे उघडायचे, आता कोपर वाकवायचं' असा विचार करत नाहीस. नजर चेंडूवर असते, बाकीचं शरीर बघून घेतं. पण मागून 'सोडणार, सोडणार' असा कालवा सुरू झाला की लक्ष चेंडूवरून उठून स्वतःच्या हातांवर येऊन बसतं. आपोआप होणारी गोष्ट आपण एकेक सुटा भाग जोडून करायला लागतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघ, अडखळशील. रन-अप न सापडणं हीही तीच भानगड.

तेव्हा लक्ष 'काढून घ्यायचं' नाही, त्याला काम द्यायचं.

काम सतत द्यायचीही गरज नाही. चेंडू यष्टिरक्षकाकडून गोलंदाजाकडे परत निघाला की तुझी सुट्टी सुरू. त्या वेळात मागचे काय बोलतात ते ऐकू आलं तर येऊ दे. टोपी नीट कर, दोन पावलं चाल, वाटलं तर मनातल्या मनात त्यांना एक शिवी हासड. मी काही साधुत्व शिकवत नाही. गोलंदाज खुणेवर पोचून वळला की सुट्टी संपली. तिथून ठरलेला क्रम: बुटाचा पुढचा भाग गवतावर एकदा घासायचा, असा की तळव्याला जमीन जाणवली पाहिजे. एक श्वास, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायचा. नजर बॅटच्या तळाशी. आणि मनात एकच शब्द, तुझा तूच निवडलेला. माझा एक खेळाडू 'शिवण' म्हणायचा, चेंडूची शिवण. एकीला 'हलकं' हा शब्द लागू पडला. 'घाबरू नको' असला शब्द घेऊ नकोस. त्यात अस्वल आहे.

गोलंदाजी करताना हाच क्रम खुणेपाशी. अंगठा शिवणीवर फिरव, श्वास सोड, टप्पा टाकायची जागा बघ आणि निघ. हे सात-आठ सेकंदांचं काम आहे, पण सरावात एकही चेंडू त्याशिवाय टाकायचा नाही. कंटाळा येईल. येऊ दे. सामन्यात डोकं तापलेलं असताना नवीन काही सुचत नसतं, जे हाडीमाशी खिळलंय तेवढंच बाहेर येतं.

सरावात गोंगाट मिसळायचा का, असं नेहमी विचारतात. हो, पण जपून. स्पीकरवर गर्दीचा आवाज लावून सराव करणारे संघ खूप आहेत, त्याने थोडा फायदा होतो, आणि मग तो आवाज पंख्याच्या घरघरीसारखा होऊन जातो. खरी परीक्षा नाव घेऊन मारलेल्या टोमण्याची. म्हणून मी सहकाऱ्यांनाच मागे उभं करतो. इथे माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली, ती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका सतरा वर्षांच्या गोलरक्षकाच्या मागे मी चार मोठी पोरं उभी केली आणि म्हणालो, वाट्टेल ते बोला. त्यातल्या एकाला त्याच्या घरची हकीकत माहीत होती. वडील घर सोडून गेले होते. तो नेमकं तेच बोलला. पोराने हातमोजे काढले, खांबाला टांगले आणि निघून गेला. दोन आठवडे आला नाही. आला तेव्हाही माझ्याशी नजर मिळवत नव्हता, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. तेव्हापासून नियम: काय बोलायचं ते खेळाडूने आधी ठरवायचं, घर-जात-रंग-शरीर यांतलं काही नाही, आणि त्याने हात वर केला की त्या क्षणी बंद. या सरावाने कातडी जाड होत नाही. उद्देश तो नाहीच. टोमणा कानावर पडल्यावरही आपला क्रम पुरा होतो, एवढा विश्वास बसतो.

आता उलट उत्तर द्यावं का? लहानपणीचा चिडका बिब्बा आठव. जो चिडतो त्यालाच पोरं चिडवतात. स्टँडमधल्या माणसाला तुझी विकेट नको असते, तुझी मान वळलेली हवी असते. ती एकदा वळली की त्याला मित्रांत दिवसभर पुरेल एवढी फुशारकी मिळते. २५ जानेवारी १९९५ला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडचा एरिक कँटोना लाल कार्ड मिळून बाहेर जात होता. एका प्रेक्षकाच्या शेरेबाजीवर भडकून त्याने कठड्यावरून थेट त्याच्या छातीवर लाथ मारली. आठ महिने फुटबॉलबंदी आणि न्यायालयाकडून १२० तासांची समाजसेवा. त्या प्रेक्षकालाही पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं, पण हे आज किती जणांना आठवतं? लाथ सगळ्यांना आठवते.

विनोद मात्र चालतो, अंगात असेल तर. २०१९च्या ॲशेसमध्ये बर्मिंगहॅमला प्रेक्षक सँडपेपर फडकावत होते, चेंडू कुरतडण्याच्या जुन्या प्रकरणावरून. सीमारेषेवरच्या डेव्हिड वॉर्नरने वळून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तेच लोक हसले. त्याच कसोटीत स्टीव्ह स्मिथने हुर्यो खात खात १४४ आणि १४२ केल्या, तो वेगळा मार्ग झाला. नोव्हाक जोकोविचची तऱ्हा आणखी निराळी. २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात जवळजवळ सगळं प्रेक्षागृह फेडररच्या बाजूने होतं. दोन मॅच पॉइंट वाचवून, चार तास सत्तावन्न मिनिटांनी तो जिंकला आणि नंतर म्हणाला की लोक 'रॉजर' ओरडत होते तेव्हा मी 'नोव्हाक' ऐकत होतो. लोकांना तो विनोद वाटला. मला विचारशील तर ते शुद्ध कसब आहे: आवाज तोच ठेवायचा, त्याचा अर्थ आपण लावायचा. तुला विनोद सुचत नसेल तर ओढूनताणून करू नकोस. फसलेल्या विनोदाची टर जास्त उडते.

इथवर झालं ते गोंगाटाचं. तुझ्या प्रश्नात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती तू याच्यातच मिसळून टाकली आहेस. बहुतेक खेळाडू हेच करतात, आणि प्रशिक्षक त्यांना तसं करू देतात.

'अरे, तुला टप्पा सापडत नाही, घरी जा' ही टवाळी. झोंबते, पण ती तुझ्या खेळाबद्दल आहे आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला ती करायची मुभा आहे. ती पचवणं हा खेळाचाच भाग. रंग, जात, धर्म, आई-बहीण, शरीर, धमकी, अंगावर भिरकावलेली वस्तू हे सगळं त्या रेषेपलीकडचं. मुलींच्या सामन्यांत तर खेळावर बोललेलं एक वाक्य आणि अंगावर बोललेली दहा, असं प्रमाण मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. हे पचवायचं नसतं, ते तुझं कामच नाही. ज्यांनी सामना भरवलाय त्यांचं काम आहे, आणि ते त्यांच्या गळ्यात पडावं म्हणून तुला सांगावं लागतं. सांगणं म्हणजे रडणं, अशी एक समजूत ड्रेसिंग रूममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने बऱ्याच चांगल्या खेळाडूंचं वाटोळं केलंय.

जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. मोहम्मद सिराज, पहिलीच कसोटी मालिका, दोनच महिन्यांपूर्वी वडील गेलेले. सीमारेषेवर त्याला शिवीगाळ झाली. तो प्रेक्षकांशी भांडला नाही आणि गप्पही बसला नाही. कर्णधार अजिंक्य रहाणेकडे गेला, रहाणे पंचांकडे. खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. मैदान सोडायची मुभा असूनही संघ खेळत राहिला. पुढच्याच कसोटीत ब्रिस्बेनला सिराजने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. ही गोष्ट बहुतेकांना इथपर्यंत माहीत असते. पुढचा भाग जास्त कामाचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने चौकशी करून वर्णद्वेषी शेरेबाजी झाल्याचं मान्य केलं, पण बाहेर काढलेल्या त्या सहा जणांनी ती केली नव्हती असंही सांगितलं. म्हणजे खरे बोलणारे निसटले.

म्हणून तक्रार करताना नेमकं सांगायचं. कुठल्या स्टँडमधून, साधारण कितवी ओळ, कपडे कसे, कितवं षटक, शब्द काय होते. शब्द उच्चारायला लाज वाटते, पण 'घाणेरडं बोलले' यावर कुणीही कारवाई करू शकत नाही. षटक संपताच कर्णधाराला, त्याने पंचांना. वस्तू अंगावर आली तर षटक संपायची वाटसुद्धा बघायची नाही, सरळ आत चालत ये. १९९३मध्ये हॅम्बर्गला मोनिका सेलेस दोन गेमच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीत बसलेली असताना प्रतिस्पर्ध्याच्या एका चाहत्याने तिच्या पाठीत सुरी खुपसली. १९ वर्षांची होती, जगात पहिली. परत कोर्टवर यायला तिला दोन वर्षांहून जास्त लागली. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामधलं अंतर हा शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षेचा विषय आहे.

फुटबॉलमध्ये पंचांना तीन पायऱ्या आखून दिल्या आहेत: आधी सामना थांबवून घोषणा, मग संघांना काही वेळ आत पाठवणं, तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. कागदावर उत्तम. तिसरी पायरी क्वचितच चढली जाते, हा भाग वेगळा. पण नेट धरला तर निकाल लागतात. मे २०२३मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिदच्या विनिसियस ज्युनियरने गोलमागच्या प्रेक्षकांतल्या माणसाकडे बोट दाखवून पंचांना तिथेच दाखवलं. जून २०२४मध्ये तीन जणांना प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्ये झालेली ती पहिली शिक्षा.

आणि एक मार्ग नियमात नाही, पण मी पाहिलेला सगळ्यात जलद तोच. ज्या संघाचे चाहते ओरडतायत त्याच्याच कर्णधाराने हात हलवणं. जून २०१९मध्ये ओव्हलवर भारतीय प्रेक्षक सीमारेषेवरच्या स्मिथची हुर्यो उडवत होते. फलंदाजी करणाऱ्या विराट कोहलीने त्यांच्याकडे वळून हातानेच खुणावलं, हे काय, टाळ्या वाजवा. समोरच्या संघात ओळखीचं कुणी असेल तर सामन्याआधी जाऊन सरळ बोल. लाजू नकोस.

जाता जाता, गर्दीचा खरा परिणाम कुणावर होतो माहीत आहे? पंचांवर. २०२०मध्ये साथीमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये फुटबॉल सुरू झालं तेव्हा अभ्यासकांना आयती प्रयोगशाळा मिळाली. घरच्या संघाचा फायदा घटला आणि पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. तेव्हा बाहेरच्या मैदानावर एखादा निर्णय विरोधात गेला तर तो गोंगाटाचा वाटा समज आणि पुढच्या चेंडूला लाग.

तू विचारलं नाहीस, पण पुढे कधीतरी येईल म्हणून सांगतो: परक्यांची हुर्यो सोसवते, आपल्यांची नाही. संघ जिंकला की चाहता म्हणतो 'आपण जिंकलो', हरला की 'हे हरले'. तो 'आपण'मधून तुला कधी बाहेर काढेल याचा नेम नाही. २०२४च्या आयपीएलमध्ये हार्दिक पांड्याची हुर्यो वानखेडेवर उडाली, म्हणजे स्वतःच्या संघाच्या घरी, तो नवा कर्णधार असताना. २९ जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा रोखायच्या होत्या, त्या त्याने रोखल्या. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. खेळाडू मला ही गोष्ट आशेची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता, निकाल बदलला होता. त्या गजरावर तोलून धरलेलं मन पुढच्या हुर्योला तितकंच आदळणार. शिवाय सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट येत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला ॲडम गुड्स, आदिवासी वंशाचा, दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. एका वर्णद्वेषी शेऱ्याकडे त्याने बोट दाखवलं, त्यानंतर मैदानोमैदानी त्याची हुर्यो उडत राहिली. २०१५मध्ये तो निवृत्त झाला. लीगने माफी मागितली २०१९मध्ये. त्याचं मन कमकुवत होतं असं म्हणणाऱ्याला मी माझ्या खोलीत बसू देणार नाही.

मोबाइलचं सोपं आहे, फक्त कुणी करत नाही. सामन्याच्या रात्री फोन तुझ्याकडे नकोच. संघातल्या किंवा घरातल्या एकाकडे द्यायचा, त्याने धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, तारीख-वेळेसकट ठेवायचे, मग ब्लॉक. उत्तर द्यायचं नाही, 'मी कुणाचं वाईट केलंय' असली पोस्टही टाकायची नाही. यातले बरेच जण तुझे चाहते नाहीत की विरोधकही नाहीत. पैज हरलेले आहेत. टेनिसच्या संघटनांनी २०२४मधली ऑनलाइन शिवीगाळ तपासली तर त्यातली सुमारे ४० टक्के चिडलेल्या पैजबाजांची निघाली. तुझ्या झेलाशी त्यांचं नातं फक्त पैशाचं. धमकी असेल तर पोलिसांत द्यायची, तिथे मोठेपणा दाखवायचा नाही.

इंग्लंडचा फुटबॉलपटू बुकायो साका तुझ्याच वयाचा होता, १९. जुलै २०२१, वेम्बली, युरो अंतिम सामना, शेवटची पेनल्टी अडवली गेली. त्याच्यावर आणि पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सांचो या सहकाऱ्यांवर वर्णद्वेषी संदेशांचा भडिमार झाला. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात तो पुन्हा पेनल्टीला उभा राहिला आणि मारली. मधल्या तीन वर्षांत तो क्लबसाठी पेनल्टी घेतच होता. मला त्या गोलपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. तूही फाइन लेग बदलून मागू नकोस. निदान अजून दोन सामने.

राहिली आई. मी ज्या गोलरक्षकाबद्दल वर लिहिलं त्याची आई सामन्यांना यायची. पुढे तो बरा खेळायला लागला तेव्हा मी तिला विचारलं, एवढं सगळं ऐकून तुम्ही तिथे बसता कशा? ती म्हणाली, "मी त्याच्या पायांकडे बघते. पाय हलत असले की तो बरा आहे." गोलरक्षक घाबरला की त्याचे पाय आधी थिजतात, हे मला पुस्तकातून कळायला काही वर्षं लागली होती.

तुझ्या आईने काय ऐकायचं हे तू ठरवतो आहेस, तिला न विचारता. सामन्याला यायचं का आणि आली तर कुठे बसायचं, हे तिला ठरवू दे. फाइन लेगच्या मागे नको म्हणाली तर समोरच्या बाजूला बसेल. आणि बुटाने गवत घासायची ती खूण तिला सांगून ठेव. लांबून दिसते ती.